चंडोलाचं घरटं

घोंगडीचा वास आला की सोलापूरजवळच्या माळावरचे बिरूमामा आठवतात. मी तेव्हा पक्ष्यांचे फोटो काढायला शिकत होतो. मेंढरं वळवताना त्यांनी मला चंडोलाचं घरटं दाखवलं. म्हणाले, "तुमची ती तोफ लांबूनच डागा की, साहेब."

पिल्लं नीट दिसेनात, म्हणून मामांची पाठ वळताच मी घरट्यावरचं गवत उपटलं. फोटो सुरेख आला. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं. उघडी पडलेली पिल्लं कावळ्यांनी नेली होती. मामांनी उपटलेलं गवत पाहिलं.

"फोटू तरी चांगला आला न्हवं?"

मी मान हलवली. पुढे वर्षानुवर्षं ते माळावर भेटले, भाकरी वाटून खाल्ली. घरटं मात्र पुन्हा दाखवलं नाही. आता मामा नाहीत. तरी माळावर गेलो की वाटतं, त्यांनी हाक मारावी, "साहेब, हितं बघा."