मधलं दार

महाल भागातल्या आमच्या शाळेत शेवटी आम्ही दोघीच शिक्षिका उरलो. पहिली-दुसरी एका खोलीत, ती माझ्याकडे. शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी, ती मोठ्या बाईंकडे. मुख्याध्यापक, कारकून, शिपाई, सगळं त्याच. तिसरी बाई मागायला शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलं की साहेब म्हणायचे, "मंजूर जागा दोन, भरलेल्या दोन. रिकामी कुठं आहे?" वरून हसायचे. माझं टाळकंच सरकायचं.

एकीला मीटिंग असली की दुसरी मधल्या दारात उभी राहून चारही वर्ग सांभाळायची. तोंड एका खोलीकडे, कान दुसरीकडे. दुपारपर्यंत पायांचे तुकडे पडायचे. पावसाळ्यात मला टायफॉइड झाला तेव्हा मोठ्या बाई रोज एकट्या त्या दारात उभ्या राहिल्या, आणि शाळा सुटल्यावर माझ्यासाठी मुगाची खिचडी घेऊन यायच्या.

त्याच पावसाळ्यात त्यांच्या छातीत गाठ निघाली. डबा खाताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन लगेच करा.

"उद्याच जा. मी राहते दारात उभी," मी म्हटलं.

"आत्ता कुठं तापातून उठली तू. दिवाळीच्या सुट्टीत जाईन ना वं. काहून मागे लागून राहिली?"

मी भांडले, अबोला धरला. ऑफिसात जाऊन पुन्हा माणूस मागितला. साहेबांचं तेच, बाई रजेवर गेल्या तरी जागा भरलेलीच. मी चिडून परत आले तर मोठ्या बाई मलाच समजावत बसल्या, "चालून राहिलं ना आपलं."

चालत होतं, तेच वाईट झालं. बंद पडलं असतं तर कोणी धावत तरी आलं असतं.

दिवाळीत ऑपरेशन झालं, पण गाठ पसरली होती. मोठ्या बाई शाळेत परत आल्याच नाहीत. संक्रांतीच्या आधी त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारातच उभी होते. पोरांना घरी पाठवायलाही दुसरं कोणी नव्हतं. शेवटच्या पोराची आई कामावरून येईपर्यंत मी त्याचा हात धरून फाटकात थांबले. घाटावर पोचले तर लोक परत निघाले होते. मला मोठ्या बाईंचं तोंडही दिसलं नाही.

आठवडाभरात नवी बाई आली. जागा रिकामी झाली होती ना आता. पोरगी गुणी होती, तिच्यावर कशाला राग काढू? पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "ताई, तुमच्या वर्गाचा आवाज येऊन राहिला. हे दार लावू का?"

"लाव," मी म्हटलं.

इतकी वर्षं उघडं राहून दार जमिनीत रुतलं होतं. दोघींनी जोर लावला तेव्हा लागलं. मग मी पहिलीच्या पोरांसमोरच रडले.