साडभाऊंचा आणि कुकाजीचा खोकला

माझ्या थोरल्या साडभाऊंइतका दुसऱ्याच्या श्वासाला भिणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडणार नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन अकोल्यात राहतात. सर्दी आपोआप होते हे त्यांना मान्यच नाही. ती कुणीतरी आणून देतं, आणि देणाऱ्याचं नावगाव त्यांना पक्कं ठाऊक असतं. "हे पडसं बाळापूरच्या मामाचं," असं ते नाक पुसत अशा थाटात सांगतात की मामांनी ते आहेरात दिलं असावं. एकदा अचलपूरला जाताना एसटीत मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, तर हे मधल्याच फाट्यावर उतरले आणि भर उन्हात पुढच्या बसची वाट पाहत उभे राहिले. काहून उतरले म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बस दुसरी येते. फुफ्फुसं येतात काय?" एका लग्नात फोटो काढताना नवरदेवाचा काका शिंकला, तेव्हा हे इतक्या चपळाईनं बाजूला झाले की अल्बममध्ये त्यांचं फक्त कोपर आलं आहे. घरी आलेल्या पाहुण्याला ते फाटकाआडूनच जयभीम घालतात, तब्येत विचारतात आणि उत्तर समाधानकारक असेल तरच कडी काढतात. मास्कचे दिवस आले तेव्हा सगळं जग त्यांच्यासारखं वागू लागलं. तेवढा एक काळ ते चारचौघांत शहाणे ठरले.

अशा माणसाच्या घरी त्यांच्या मुलीनं कुत्रा आणून सोडला. तिची बदली हैदराबादला झाली, तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नव्हता. त्याचं नाव कुकी. साडभाऊंना ते नाव जमेना, म्हणून त्यांनी त्याचा कुकाजी केला. पहिले काही दिवस ते चिमूटभर माती हवेत उडवून वाऱ्याची दिशा बघत आणि मग कुकाजीच्या उलट्या बाजूला खुर्ची टाकून बसत. "त्याचा श्वास माह्या आंगावर नोको," एवढंच म्हणणं. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, मात्र त्याला पोळीचा पहिला घास देई. महिनाभरानं मी अकोल्याला गेलो, तर साडभाऊ आरामखुर्चीत झोपलेले आणि कुकाजी त्यांच्या पोटावर तोंड ठेवून घोरत होता. मी हसलो. ते डोळे न उघडता म्हणाले, "हसून काय राहिले? वारा तिकून आहे."

मग ताईंना कॅन्सर निघाला. ऑपरेशन अमरावतीला झालं, तेव्हा दोघं आमच्याकडे राहिली आणि कुकाजीला अकोल्यातच, कुत्री सांभाळतात अशा एका ठिकाणी ठेवलं. परतल्यावर कुकाजीला घरी आणलं, तर तो खोकत होता. घशात हाड अडकल्यासारखा कोरडा, भुंकल्यासारखा खोकला. दुसऱ्या दिवशी साडभाऊही खोकू लागले. ताईंची किमो तोंडावर आलेली. साडभाऊंचा मला फोन आला, "मले कुत्र्याचा खोकला लागला. तुमी या."

मी माझ्या बायकोला घेऊन गेलो. तिला ताईंपाशी बसवलं आणि आम्ही कुकाजीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी कुकाजीचा घसा चाचपला, औषध लिहिलं. साडभाऊंनी घसा खाकरून विचारलं, "याचा मले लागला ना?"

"हा खोकला कुत्र्यांकुत्र्यांतच फिरतो. माणसाला लागणं फार क्वचित. तुमचा तुम्हाला दुसऱ्या माणसाकडूनच मिळाला असणार," बाई म्हणाल्या. मग थांबून विचारलं, "घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी आहे का? म्हणजे मोठा आजार, किमो वगैरे?"

साडभाऊ माझ्याकडे बघू लागले. मीच ताईंचं सांगितलं.

"मग खोकला जाईपर्यंत कुत्र्याला त्यांच्यापासून लांब ठेवा. आणि काका, तुम्ही त्याच्याहून लांब राहा. त्यांना याच्यापेक्षा तुमचाच धोका जास्त आहे."

जन्मभर ज्यानं जगाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्याला कुत्र्यासमोर शिक्षा झाली. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. रिक्षात मी म्हटलं, कुकाजीला आम्ही अमरावतीला नेतो. ते त्याच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाले, "ऑपरेशनले जाताना थे म्हने, मी आली नाई तरी याले कोणाले देऊ नोका. आता आली, अन् हा घरी नाई? मी तिले काय सांगू?"

घरी पोचताच त्यांनी अंगणातली मागची टिनाची खोली झाडली, तिथला मोडका कूलर बाहेर काढला आणि खाट टाकून ते कुकाजीसह तिथं राहायला गेले. वैशाखातल्या अकोल्यात टिनाखाली राहणं म्हणजे भट्टीत बिऱ्हाड करणं. माझी बायको ताट दारात ठेवून मागे सरे. सकाळी साडभाऊ मास्क लावून अंगणाच्या टोकाला उभे राहत, ताई खिडकीत येत, आणि अंगणभर अंतरावरून नवराबायको तब्येतीचं बोलत. मध्येच खोकल्याची उबळ येई, मागून कुकाजीही साथ देई. "दोघात तुमचा कोन्ता, मले समजत नाई," ताई म्हणत. एकदा म्हणाल्या, "जगाले टाळून झालं, आता मले टाळून राहिले." साडभाऊ मास्क वर ओढून, डोळे पुसत खोलीत गेले.

दोघांचे खोकले गेले. ताईंच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर खोलीचं दार उघडलं, तेव्हा कुकाजी सरळ ताईंच्या खाटेपाशी धावला. साडभाऊ उंबऱ्यातच घुटमळले. ताई म्हणाल्या, "तुमाले काय येगळं आवतन देऊ?"

ताईंची किमो पार पडली. केस पुन्हा आले, पूर्वीपेक्षा कुरळे आणि पांढरे. तपासण्या चालूच आहेत. रिपोर्टच्या आदल्या दिवशी घरात कुणी फारसं बोलत नाही. कुकाजी म्हातारा झाला आहे, मागचे पाय ओढत चालतो. परवा गेलो, तर तिघं संध्याकाळची फिरायला निघाली होती. मीही निघालो. ताई चार पावलं चालून थांबत, कुकाजी मधेच बसे, आणि साडभाऊ कधी हिच्यासाठी, कधी त्याच्यासाठी उभे राहत. कोपऱ्यावरचं कडुनिंबाचं झाड येता येईना. मी म्हटलं, "साडभाऊ, या चालीनं आपण कवा पोचू?"

त्यांनी वाकून कुकाजीला उठवलं, ताईंच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि म्हणाले, "पोचाची घाई कोणाले आहे?"