शनिवारी झाकलेला टीव्ही

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "बाई, आमचे पप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. सोमवारची सकाळ होती. आदल्या दिवशी शांतवनभाऊ चर्चला जाऊन आले होते, पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या वरताण आवाजात गायले होते, जेवून वेळेवर झोपले आणि उठलेच नाहीत... मला रडू फुटलं. आणि रडता रडता मनात आलं, या माणसानं जातानासुद्धा रविवार मोडला नाही! पुढे धीर करून हे त्यांच्या बायकोला, मार्थावहिनींना बोलून दाखवलं, तर त्याही डोळे पुसत हसल्या.

आमची ओळख एसटीतली. मी टेंभुर्णीच्या शाळेत शिकवायला जायचे आणि त्या गाडीला ते कंडक्टर होते. दिवाळीत, ईदला, पोळ्याला, कधीही गाडीत चढा, भाऊ हजर. बाकीच्यांच्या सणाच्या ड्यूट्या हे हौसेनं स्वतःकडे घ्यायचे आणि बदल्यात रविवार मागून घ्यायचे. नंतर आम्ही मस्तगडला घर घेतलं, तर शेजारी हेच! आमच्या घरी बुद्धवंदना, त्यांच्या घरी सायंप्रार्थना, मधे कमरेएवढी भिंत. आपला धर्म तोच खरा, यावर भाऊ ठाम होते आणि ते लपवतही नसत. एकदा म्हणाले, "बाई, तुमी मनानं चांगल्या हायेत, म्हणून तुमच्यासाठी रोज प्रार्थना करून राह्यलो." मी विचारलं, "आणि वाईट असते तर?" ते म्हणाले, "मंग दोनदा केली असती." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

निवडणुका आल्या की उमेदवार चर्चमध्येही हात जोडत यायचे. भाऊ तिथला कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळात होते. ते पाहुण्याला मानानं बसवायचे, पण बोलू द्यायचे नाहीत. "इथं फक्त देवाचं वचन. तुमचं भाषण अंगणात, चहासंगं." यावरून सगळ्या पक्षांची माणसं त्यांच्यावर सारखीच नाराज असायची. मत कोणाला दिलं हे त्यांनी वहिनींनाही कधी सांगितलं नाही. निवडून मात्र कोणीही येवो, पुढच्या रविवारी त्याचं नाव घेऊन प्रार्थना व्हायची. नाताळच्या मिरवणुकीत पोरांनी डीजे आणायचं ठरवलं तेव्हा ते आडवेच आले. "प्रभू गोठ्यात जन्मला. त्याला डीजे कशाला पायजे?" पोरं फुगून बसली, पण डीजे आला नाही.

आणि टीव्ही! मार्थावहिनींनी टीव्हीसाठी एक आवरण भरलं होतं. त्यावर द्राक्षाचा वेल आणि एक कोकरू. कोकरू दिसायचं मांजरासारखं, पण ते बोलायची सोय नव्हती. शनिवारी दिवेलागणीला भाऊ ते टीव्हीवर घालायचे, ते थेट सोमवारी सकाळी काढायचे. क्रिकेटची फायनल असो नाहीतर निवडणुकीचा निकाल, कोकरू जागचं हलत नसे. बाकीचे दिवस मात्र हा माणूस टीव्हीसमोरून उठत नसे. मालिकांमधल्या सासवांना शिव्या घालायचे आणि कुठली सासू कुठल्या सुनेच्या वाइटावर आहे, हे मला समजावून सांगायचे.

प्रकाशची मुलगी रूथ आजोबांच्या मांडीवर बसून गायला शिकली. टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेत तिची निवड झाली आणि गल्लीत पेढे वाटले गेले. ती गाणार होती सिनेमातलं गाणं आणि ते दिसणार होतं रविवारी संध्याकाळी. तिनं मुंबईहून फोन केला. "आजोबा, ह्या येळी तरी आवरण काढा. न्हाई काढलं तर मी तुमच्याशी बोलणार न्हाई." रूथ म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

त्या संध्याकाळी वहिनींसकट सगळी गल्ली आमच्या घरात होती. मी भाऊंना बोलवायला गेले. झाकलेल्या टीव्हीसमोर गुडघ्यांवर हात ठेवून ते एकटेच बसले होते. "बाई, पोरगी माझी हाय," ते म्हणाले, "पण दिवस माझा न्हाई." मला राग आला. एवढं कसलं मेलं ते व्रत, असं पुटपुटत मी परत आले.

सोमवारी सकाळी तो कार्यक्रम पुन्हा दाखवणार होते. भाऊ चर्चचा कोट घालून, केस विंचरून टीव्हीसमोर बसले. आधी प्रार्थना केली, मग पाहिलं. "गळा बराबर लागला. ती चमचम ओढणी बिलकुल नको व्हती," म्हणाले आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. लगेच फोन लावला. रूथनं तो उचलला नाही. पुढेही कितीतरी दिवस उचलला नाही. भाऊ रोज लावत राहिले.

मग एका रविवारी दुपारी रूथ बॅग घेऊन आजोबांच्या दारात उभी राहिली. स्पर्धेतून ती बाहेर पडली होती. चित्रीकरण आधीच झालं होतं आणि तिची हार त्या संध्याकाळी घराघरांत दिसणार होती. प्रकाशच्या घरी नातेवाईक टीव्हीभोवती जमले होते, आमच्याकडेही तेच. अख्ख्या गल्लीत एकाच घरातला टीव्ही बंद होता. ती आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. ते उपासनेतलं एक जुनं गीत गुणगुणायला लागले. थोड्या वेळानं तिनं सूर धरला. भिंतीपलीकडून मी ऐकत होते आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

परवा, शनिवारी, वहिनींकडे गेले होते. प्रकाशनं नवा, भिंतीवरचा मोठा टीव्ही आणलाय. आवरण त्याला पुरत नाही, कोकरू मधेच लटकतं. रूथ खाली बसून सुई-दोऱ्यानं त्याला कड जोडत होती. जवळ जाऊन पाहिलं, तर तीच चमचम ओढणी!

"आजोबांना आवडली नसती गं," मी म्हणाले.

"माहीत हाय," ती म्हणाली. तिनं दोरा दातानं तोडला, स्टुलावर चढली आणि दिवे लागायच्या आत टीव्ही झाकला.