हात पोचेल तिथवर

ओटिली वेमायर ऐंशीची. टेक्सासच्या डोंगराळ भागातल्या एका दगडी घरात ती जन्मली. तिच्या पणजोबांनी जर्मनीहून येऊन, स्वतः दगड फोडून ते बांधलेलं. चाळीस वर्षं पीचची फळं निवडता निवडता तिची पाठ गेली, आणि आता दर शनिवारी ती त्याच घरात पाहुण्यांना माहिती सांगायची. जुनी घरं जपणाऱ्या गावच्या मंडळानं ते घेऊन दुरुस्त केलं होतं. दुरुस्ती कसली, भिंतींचा चुना खरवडून दगड उघडे पाडले. फोटोत छान दिसतात म्हणे.

"आपले पूर्वज असेच उघड्या दगडांत राहत," हे वाक्य मंडळानंच तिला लिहून दिलेलं. सहा वर्षं ती ते म्हणत आली. शनिवारी म्हणायचं, आणि रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले की तेच आडवं यायचं. कारण तिची आई दर ईस्टरच्या आधी चुना विरवून, त्यात मूठभर मीठ टाकून, सगळं घर पांढरंशुभ्र करायची. "प्रभू कबरीतून उठून दारात आला, आणि भिंती कळकट दिसल्या तर?" म्हणायची.

ईस्टरला आठवडा उरला होता. पाहुण्यांतल्या एका बाईनं भिंतीवर हात फिरवला. बोटांना वाळू लागली. "अगं बाई! असल्या घरात पोरं कशी वाढवली हो यांनी?"

लिहून दिलेलं वाक्य ओठांवर होतं. ओटिलीनं ते गिळलं.

"असल्या घरात नाही वाढवली. माझी आई एवढी गबाळी नव्हती."

पाहुणे गेल्यावर ती तडक मंडळाच्या कार्लाकडे गेली आणि घराची किल्ली टेबलावर ठेवली.

"घे बाई. खोटं बोलवत नाही आता. उभंही राहवत नाही."

"टिलीमावशी, मग शनिवारी कोण येणार? एगॉनकाका? ते तर पाहुण्यांसमोर घोरतात."

"मग चुना लावू दे."

"लोक दगड बघायला येतात हो!"

"एकच भिंत. उत्तरेची. ओल धरलीय, वाळू गळतेय. पडली की बघा म्हणावं दगड."

कार्लानं सुस्कारा टाकला. "एकच. मंडळाचं मी बघते. पण मजूर मिळायचा नाही."

"मागितला कुणी?"

किल्ली उचलून ती परत निघाली. सुटका काही झाली नाही.

बुधवारी आणि गुरुवारी तिनं कुंचला चालवला. शिडीवर चढायची छाती नव्हती. हात वर नेला की खांद्यात कळ यायची. पांढरा पट्टा तिच्या डोक्याच्या जरासा वर जाऊन थांबला.

शनिवारी एका उंच गृहस्थानं विचारलं, "हे अर्धंच का?"

"आमच्या घराला चुना असायचा," ओटिली खुर्चीतूनच म्हणाली. "माझा हात तिथवरच पोचतो." मग त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "बादलीत थोडा उरलाय. तुम्हाला घाई आहे का?"