टोपीवाली गाडी आणि वैरागचे पाहुणे

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं, की नव्या गाडीवरून तुमच्या घरात दोन तट पडलेत. एकाला गाडी दिसायला चांगली हवी आहे आणि दुसऱ्याला तेल कमी पिणारी. ऐकून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आमच्या घरातही एकदा असे दोन तट होते आणि दिसण्याच्या बाजूला मी एकटीच होते.

तुमचे आजोबा तेव्हा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि नॅपकिन काढत. माग थोडेच होते. तयार माल गाठी बांधून बार्शी, वैराग, नातेपुते अशा बाजारांना पोचवायला त्यांनी एक जुनी डिझेल पिकअप घेतली होती. पुढे केबिन, मागे सागवानी फळ्यांचा उघडा हौदा. सत्तरच्या दशकात मधेच तेलाचे भाव भडकले आणि सकाळच्या चहाबरोबर घरात पहिला विषय डिझेलचा निघू लागला. एका लिटरमध्ये ही गाडी आणखी थोडी लांब कशी जाईल, याने तुमच्या आजोबांना पछाडलं.

आधी सागवानी फळ्या गेल्या. जड असतात म्हणून त्या काढून त्यांनी पातळ पत्रा मारला. फळ्यांची माझ्या स्वयंपाकघरात मांडणी झाली, ती अजून आहे. मग केबिनहून उंच जाणाऱ्या गाठींवर वारा आपटतो म्हणून केबिनच्या डोक्यावर तिरका पत्रा चढला. त्यावरून आळीने तिचं नाव टोपीवाली गाडी ठेवलं. ॲक्सिलरेटरच्या खाली त्यांनी एक लाकडी ठोकळा ठोकला, म्हणजे घाईत असलं तरी पाय ठरावीक जागेच्या खाली जाऊच नये. उतार दिसला की गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि जिथवर घरंगळेल तिथवर जाऊ द्यायची. एका मिस्त्रीने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की काळा धूर म्हणजे न जळता वाया गेलेलं डिझेल. म्हणून इंजिनातल्या पंपाची सेटिंग बदलली की ते आपल्याच मागावरचा एक पांढरा नॅपकिन सायलेन्सरपुढे धरत. ते काळे, करडे, राखी नॅपकिन मागच्या दारच्या दोरीवर ओळीने वाळत पडत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, या घरात धुणं असंच निघतं.

मी पुण्याची, बी.ए.ला इंग्रजी घेतलेली, आणि इथे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. सकाळी कारखान्यावर जाताना ते मला शाळेपाशी सोडत. पहिल्यांदा ती टोपी घालून गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुली खिडक्यांत गोळा झाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना अलीकडच्या वळणावर थांबवायला सांगितलं. तिथून चालायला बरं वाटतं, असं मी म्हणाले. त्यांनी कारण विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. एकदा आमच्या मुख्याध्यापिका घरी चहाला आल्या होत्या. बोलता बोलता तुमचे आजोबा म्हणाले, की रस्त्यात स्टेपनी बदलावी लागली. मी हसत म्हणाले, "असा शब्द इंग्रजीत नाही. स्पेअर व्हील म्हणतात." तेही हसले आणि म्हणाले, "बरं, स्पेअर व्हील." त्यानंतर घरात कधी स्टेपनी ऐकू आली नाही. मला वाटलं, शिकले.

आता वैरागच्या पाहुण्यांकडे येते.

माझी नणंद, म्हणजे तुमची वैरागची आजी, तेव्हा लग्नाची होती. हाडापेराने मजबूत, जेवायला बसली की मनापासून जेवणारी, आणि हसली की तिसऱ्या घरी ऐकू जाणारी. आधी आलेल्या स्थळांनी पोहे खाऊन, नंतर निरोप धाडून नकार दिले होते. एका घरून तर मुलगी अंगाने जरा जास्त आहे, असं स्पष्टच कळवलं होतं. ते तिच्या कानावर गेलं आणि ती महिनाभर अर्ध्या भाकरीवर उठू लागली. वैरागचा मुलगा मात्र तिने स्वतः एका लग्नात पाहिलेला होता आणि तिला आवडला होता. हे फक्त मला माहीत होतं. याही घरून नकार आला, तर पुन्हा कुणापुढे बसणार नाही, असं तिने मला सांगून ठेवलं होतं.

पाहुणे येणार म्हणून मी घर आवरलं, दोरीवरचे नॅपकिन काढले आणि गाडी मागच्या दारी लावायला लावली. पुढे ती टोपी दिसायला नको. तुमच्या आजोबांनी तिला नवा रंगही दिला होता. मी म्हटलं, रंग दिला तरी मागेच राहू दे.

मुलाचे वडील वैरागला धान्याचा व्यापार करत. आल्या आल्या हातपाय धुवायला आजोबा त्यांना मागच्या नळावर घेऊन गेले. नळ स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होता. खिडकी उंच, जाळीची. तिच्यातून ऐकू यायचं, दिसायचं नाही. आत सासूबाई पोह्यांवर खोबरं घालत होत्या आणि मी नणंदेच्या तोंडाला पावडर लावत होते.

बाहेर पाण्याचा आवाज थांबला आणि पाहुणे म्हणाले, "बॉडी जड हाय की हिची."

"आधी याहून जड होती," आजोबा म्हणाले. "बरंच उतरवलंय मी."

"लई खाती का?"

"फार खायची. आता कमी केलंय."

"वरनं रंग झ्याक दिसतोय."

"तुम्ही येणार म्हणून दिला."

पाहुणे खाकरले. मग म्हणाले, "तरी बी ॲव्हरेज बेताचंच म्हनायचं."

"बेताचंच. चालवून घेतोय झालं."

मुलांनो, तुमच्या इंग्रजीत हा घोटाळा झालाच नसता. तिथे गाडीला एक सर्वनाम आणि मुलीला दुसरं. मराठीत गाडीही 'ती' आणि मुलगीही 'ती'. माझ्या हातात पावडरीचा डबा होता आणि समोर नणंदेचा नुकता रंगवलेला चेहरा. तिने मला हळूच विचारलं, "वैनी, ॲव्हरेज म्हणजे?"

मी वर्गात सांगावा तसा अर्थ सांगितला. सर्वसाधारण. मध्यम.

तिने पदराने तोंड पुसलं. पावडर, कुंकू, सगळं. पाटावर बसली आणि म्हणाली, मी बाहेर येणार नाही. सासूबाईंना काही कळेना. त्या आपल्या माहेरच्या कानडीत तिची समजूत घालू लागल्या. ती मान हलवत राहिली. मी दारातून आजोबांना हाक मारली. ते आत आले तशी मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलले, बाहेर पाहुण्यांना कळू नये म्हणून. सख्ख्या बहिणीबद्दल परक्या माणसापाशी असं बोलताना तुम्हाला काही वाटलं नाही का, असं विचारलं. वाक्यं लांब होती आणि व्याकरणाने अगदी चोख होती. तुमच्या आजोबांना त्यातलं निम्मंच समजलं. ते माझ्याकडे बघत राहिले, फळ्यापाशी उभं केलेल्या मुलासारखे.

शेवटी नणंदच बोलली. "अण्णा, मी लई खाते हे पाव्हण्यांना सांगायलाच पाहिजे होतं का?"

"तू?" आजोबा म्हणाले. "तुझं कुणी काढलं? आम्ही गाडीचं बोलत होतो."

"मग ते ॲव्हरेज?"

"ते गाडीचंच असतं. एका लिटरला किती जाते ते." मग माझ्याकडे न बघता, आवाज खाली आणून ते म्हणाले, "सगळे तसंच म्हणतात."

मी म्हणाले, "घरात तर तुम्ही मायलेज म्हणता."

दोरीवरून काढलेले नॅपकिन कोपऱ्यात पडले होते, ते उचलून आजोबा त्यांच्या घड्या घालू लागले.

खिडकी जशी आतल्यांना होती तशीच बाहेरच्यांनाही होती, हे तेवढ्यात कळलं. जाळीपलीकडून पाहुण्यांचा आवाज आला. "पोरी, आमच्या घरी खानाऱ्याचा हात कुनी धरत न्हाई. धरायचा तो गाडीचा. या तुज्या भावाला म्हनावं, बॉडी हलकी केलीस ते बरं केलंस, पर टायरात हवा कमी हाय. तितंच डिझेल जातंय."

नणंद हसली. दाबून ठेव म्हणून आम्ही आठवडाभर पढवलेलं ते हसू तिच्या तोंडून पुरतं बाहेर पडलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बाहेर पाहुणेही हसत होते, आणि ओसरीवर एकटा बसलेला मुलगा काय झालं ते बघायला उठून मागे आला. त्या दोघांची पहिली भेट तशी झाली, तोंडावर पावडरीचे फरांटे आणि कपाळावर पुसलेलं कुंकू असताना. लग्न ठरलं, हे तुम्हाला माहीत आहेच.

सगळे आनंदात होते. मी पोहे वाढले, चहा दिला, पाहुण्यांनी आणखी मागितलं तेव्हा आणखी वाढलं. पण माझे कान तापलेले होते ते निवले नाहीत. आमच्या सोलापुरात ट्रकवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द मी घरात असताना उंबऱ्याबाहेर थांबत होता. मायलेज म्हणताना तुमचे आजोबा जरा अडखळत. त्याचा अर्थ मला कधी लागला नव्हता.

सोमवारी सकाळी त्यांच्याबरोबर निघाले. त्यांनी आधी पंपावर थांबून चारही चाकांत हवा भरून घेतली. रस्त्यात मी विचारलं, "अहो, माझ्यासमोर ॲव्हरेज म्हणायला काय झालं होतं?"

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "तुझ्यासमोर चुकायची लाज वाटते."

शाळेच्या अलीकडचा उतार लागला. रोजच्यासारखी त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि ती टोपी डुगडुगत वळणाकडे घरंगळू लागली. मी म्हणाले, "आज फाटकापर्यंत घ्या."

"फाटकापर्यंत चढ आहे," ते म्हणाले. "पुन्हा उचलायला डिझेल जातं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते नुसतं गाडीबद्दल बोलत होते.

गाडी आपली आपण वळणावर येऊन थांबली, इतक्या दिवसांत तिला तिथे थांबायचं ठाऊक झालं होतं तशी. मी उतरले आणि चालू लागले. वरच्या खिडक्यांत मुली होत्या. त्यांना तिथून गाडी दिसत नव्हती.