मावशींची दोन वर्षं

"आटपा रं, तव्याला दम न्हाई!" असं म्हणत मावशी पदरानं मान पुसायच्या, आणि तोवर न मागता तिसरी भाकरी तुमच्या ताटात पडलेली असायची. बाहेर पौषातली थंडी, पवना नदीवरून आलेलं धुकं खानावळीच्या दाराला टेकलेलं, आम्ही मफलर गुंडाळून बसलेलो आणि ही बाई घामाघूम. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, त्यांच्या अंगात त्यांचा स्वतःचा उन्हाळा असतो.

स्वातंत्र्याला अजून दहा वर्षंही झाली नव्हती. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता आणि त्याच्या भोवती अजून ज्वारीच डुलत होती. मी तिथे कारकून, एकटा, तेव्हा दोन्ही वेळचं जेवण मावशींकडे. त्या चऱ्होलीच्या, विधवा. पत्र्याची एक खोली आणि दोन चुली, एवढ्यावर पंचवीस-तीस माणसं जेवू घालायच्या. कुणाची शिफ्ट किती वाजता, कुणाला तिखट चालत नाही, सगळं तोंडपाठ. स्वतः आमच्या दुप्पट जेवायच्या आणि तरी महिन्यागणिक वाळत चालल्या होत्या. विचारलं तर म्हणायच्या, "खाल्लेलं कुठं जातं, त्या अन्नालाच ठावं."

भांडायच्याही तशाच झपाट्यानं. आमटीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्या एका फिटरवर त्यांनी उलथनं उगारलं आणि पुढच्याच क्षणी स्वतःच रडायला लागल्या. डोळे मोठे, पुढे आलेले. त्या रागावल्या की आम्ही मुकाट ताटात बघायचो. वाढताना त्यांचा हात थरथरायचा आणि निम्मी आमटी जमिनीला जायची.

गळ्याशी सूज दिसू लागली तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना पुण्याला धाडलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी भलत्याच जोरात चालते आहे, असं तिथे निघालं. ऑपरेशन करून तिचा बराचसा भाग काढला. मावशी परत आल्या त्या एक इंग्रजी कागद घेऊन. तो मीच वाचून दाखवला. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला या, असं त्यात लिहिलं होतं.

सहा महिन्यांनी मावशी शांत झाल्या होत्या. अंगानं भरल्या होत्या, झोप लागते म्हणायच्या, आमटी सांडत नव्हती. "मावशी माणसात आल्या," असं त्या फिटरनं जाहीर केलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

"जाऊ का रं पुन्याला?" त्यांनी मला विचारलं.

"कशाला मावशी? आता तर छान झालात की!"

खरं सांगायचं तर खानावळ बंद राहिली असती आणि माझ्या जेवणाचे हाल झाले असते. त्या गेल्या नाहीत.

पुढचं सगळं इतकं हळूहळू झालं की आम्हाला ते दिसलंच नाही. आधी भाकऱ्या जाड झाल्या, मग कमी पडायला लागल्या. चैत्रातल्या उन्हात मावशी घोंगडी पांघरून चुलीला चिकटून बसायच्या. आवाज घोगरा झाला. थापता थापता हात परातीत थांबायचा आणि त्या धुराकडे बघत राहायच्या, जणू धुरात कुणीतरी गोष्ट सांगत होतं. आम्ही म्हणायचो, मावशी सुस्तावल्या. कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि आमची ताटं रिकामीच. एकेक जण रस्त्यापलीकडच्या नव्या खानावळीत जाऊ लागला.

श्रावणात मीही गेलो. गेलो तो गेलो, वर बोलून गेलो. "झेपत नसेल तर बंद करा, मावशी. लोकांच्या पोटाशी खेळ नको."

मान वर करायलाही त्यांना वेळ लागला. "व्हय बाबा," त्या म्हणाल्या. "चुकतंय माझं."

दिवाळीआधी चुली विझल्या. भाऊ त्यांना न्यायला आला तेव्हा बैलगाडीत बसलेल्या मावशींचा सुजलेला चेहरा कारखान्याच्या डॉक्टरांनी पाहिला आणि गाडी थांबवली. नंतर ते ऑफिसात मला म्हणाले, "आळस कसला, अहो! आधी ती ग्रंथी फार चालत होती. आता उरलेला तुकडा पुरा पडत नाही. ऑपरेशननंतर असं होऊ शकतं, म्हणून तर पुन्हा बोलावतात. आता जन्मभर गोळी घ्यावी लागेल."

मला तिथे फार लाज वाटली. ती लाज घेऊन चऱ्होलीला जायला मात्र वर्ष लावलं.

मावशी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. आवाज मोकळा झाला होता, हात चालत होते. गोळ्यांनी त्यांना परत आणलं होतं, खानावळ मात्र गेली ती गेलीच. वाटेत ठरवलेलं मी एका दमात बोलून टाकलं. "मावशी, पुण्याला जाऊ नका असं मीच म्हणालो होतो."

"कवा?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मला न्हाई आठवत, बाबा. त्या दोन वर्सांतलं कायबी आठवत न्हाई. समदी मानसं नदीपल्याडनं बोलल्यावानी वाटायची." मग पुढची शेंग उचलत म्हणाल्या, "तू शेवटपत्तूर यायचास न्हवं जेवायला?"

"हो, मावशी."

"मग बरं. येकटी न्हवते म्हंजी."

मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते 'हो' मला परत घेता आलं नाही.