बांगड्यांची पेटी घेऊन गाडी बघायला

आम्ही भोरचे मण्यार. मण्यार म्हणजे बांगड्या भरणारे, हे आता सांगावं लागतं, कारण आता बांगड्या खोक्यातून मिळतात आणि बायका त्या घरी बसून आपल्या आपण चढवतात. माझ्या आईच्या काळी असं चालत नसे. गावागावाची मण्यारीण ठरलेली असे. भोरहून हिर्डोशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची बरीचशी गावं आणि त्यांच्या वाड्या आईकडे होत्या. आम्ही तिला अम्मी म्हणायचो, गावं तिला मावशी म्हणायची. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून ही गावं तिनं एकटीनं सांभाळली. डोक्यावर पेटी घेऊन सकाळच्या एसटीनं जायचं, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत पायी हिंडायचं आणि संध्याकाळची एसटी चुकली तर जिथं शेवटच्या बांगड्या भरल्या त्याच घरी मुक्काम करायचा.

बांगड्या भरून झाल्या की बाई वाकून अम्मीला नमस्कार करायची. नवी नवरी असो नाहीतर तिची सासू, भरणारीला नमस्कार करायचा ही रीतच. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर जायची तेव्हा मला त्याचा फार तोरा वाटायचा. माझ्याही पाया कुणीतरी पडावं म्हणून मी तिला चिकटून बसायची. अम्मी मात्र "सुखी ऱ्हा" म्हणून लगेच पुढचा हात ओढायची. भाताचं पीक निघालं की बायका सुपातून तांदूळ किंवा नाचणी आणून तिच्या पदरात घालायच्या, आणि परतीच्या एसटीत कंडक्टर त्या पिशव्यांवरून तिची थट्टा करायचा.

मग तिचे गुडघे गेले. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझं लग्न भोरमध्येच दोन गल्ल्या सोडून झालं होतं आणि आमच्या बांगड्यांच्या छोट्या दुकानात मीच बसत असे. एक दिवस अम्मी दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाली, "दिवाळी झाली की गावं देऊन टाकती." आमच्या नात्यातल्या एकानं टेम्पो घेतला होता. तो टेम्पोत स्टीलची भांडी, गाऊन आणि बांगड्या एकत्र घालून गावोगाव हाळी देत फिरायचा. त्यानं तिच्याकडे गावं मागितली होती. मी भांडले. ती शांतपणे म्हणाली, "तुला चालाया जमतंय का त्या वाड्यांनी? मला जमत न्हाई. मग?"

भांडण तिथंच संपलं. पण गावाला जायच्या दिवशी ती भल्या पहाटे उठून खोबरेल लावून केस विंचरायची, इस्त्रीचं लुगडं नेसायची आणि आरशात बघून स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची. ते बंद झालं. दुपारपर्यंत ती तशीच बसून राहायची. पायानं अधू झालेल्या माणसाकडे बघवतं, पण ज्याला कुठं जायचंच नाही त्याच्याकडे बघवत नाही. मला तर अजिबात बघवत नव्हतं.

माझी नणंद वेल्ह्याकडे विंझरला दिली आहे. तिच्याकडे गेले असताना रस्त्यानं एक शाळेच्या बाई स्कूटरवरून आल्या. आवाजच नाही. मला वाटलं, पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून सोडली असेल. पण रस्ता तर चढाचा होता. मी सरळ हात करून त्यांना थांबवलं. बाई हौशी निघाल्या. म्हणाल्या, "विजेची आहे. घरी मोबाईलसारखी चार्जिंगला लावायची. लायसन लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. मला तरी कुठं काय चालवता येत होतं?"

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मला साधी सायकलसुद्धा येत नव्हती. आमच्या गल्लीत मुलींच्या हातात सायकल कुणी दिलीच नाही.

माझा भाऊ हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये कामाला होता. इंजिनाच्या आवाजावर पोसलेला माणूस. त्याला सांगितल्यावर तो जेवता जेवता हसला. "ती काय गाडी हाय व्हय? इस्त्रीला चाकं लावल्यात. आन हितं लाईट असती का कधी? चुलीवर चार्ज करनार तू?" त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. लोडशेडिंगची वर्षं होती ती. दळणसुद्धा वीज बघून टाकावं लागे. तरी मी हट्ट सोडला नाही, आणि पुढच्या सुट्टीला तोच मला घेऊन गाडी बघायला दुकानात गेला. अम्मीही निघाली. निघताना तिनं बांगड्यांची पेटी काखेत घेतली.

दुकान मिक्सर, पंखे, इन्व्हर्टरचं. दाराशी दोन विजेच्या गाड्या उभ्या. एक लाल, बारीक चाकांची, एकाच माणसाची. मागं कॅरिअर होतं. दुसरी शेणकाल्याच्या रंगाची, अंगानं थोराड, पायाशी ऐसपैस जागा आणि दोघांची सीट. दुकानदार अम्मीला बघून म्हणाला, "मावशी, पेटी कशाला आणलीत?"

"गाडीला दावाया," अम्मी म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मी आधी लाल गाडीवर बसले. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले. मूठ जराशी पिळली आणि गाडी चालू लागली. पायानं आधार देत देत मी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले, तेव्हा मला वाटलं, आता मी जन्मभर काहीही करू शकेन. मग थोराड गाडी. तिच्यावर नुसते अंगठे टेकत होते. मी भावाला विचारलं, "चालू कशी करायची?" आणि विचारताना मूठ पिळली. गाडी चालूच होती. आवाज नसलेल्या गाडीचं हेच वाईट, ती जागी आहे का झोपलीय ते कळत नाही. मी पंख्यांच्या खोक्यांत जाऊन थांबले. दुकानदार "काही नाही, काही नाही" म्हणत खोकी उचलू लागला, पण त्याचा चेहरा पडला होता. भावाला हसू आवरेना.

"लालच घे," तो डोळे पुसत म्हणाला. "तिकडं लोकांची घरं हाईत रस्त्याकडंला."

आता पेटीची पाळी. अम्मीनं पेटी उघडून सगळ्यांसमोर आत एकदा हात फिरवला. काचेची बांगडी तडकलेली असली की ती बोटं लागताच आवाजावरून कळते, बद्द वाजते. सगळ्या खणखणीत होत्या. भावानं पेटी लाल गाडीच्या कॅरिअरला दोरीनं आवळली आणि नदीकडच्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं एक फेरी मारून आणली. मग थोराड गाडीवर पायाशी ठेवून दुसरी फेरी. प्रत्येक वेळी अम्मी पेटीत हात घालून चाचपून बघत होती. दोन्ही वेळा म्हणाली, "एक बी न्हाई."

मग उठून तिनं निकाल दिला. "लाल घ्या. पोरीचं पाय टेकत्यात. वजनाला बी हलकी हाय."

मला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू? लाल गाडी मला आवडली होती आणि दुसरीची भीती बसली होती. मी अम्मीला आधार द्यायला हात पुढं केला. तिनं डावा हात दिला. ती उजव्या हाताची होती. उजवा हात पदराखाली होता आणि बाहेर येत नव्हता. मी तो ओढून काढला आणि मूठ उघडली. आत हिरव्या काचेचे तुकडे होते. एक बोट कापलं होतं.

"फुटल्या व्हय?" दुकानदार पुढं येऊन म्हणाला.

"वाढल्या म्हना," अम्मीनं त्याला दटावलं. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत.

तुकडे लाल गाडीच्या फेरीतले होते, ते विचारायची गरज नव्हती. मी तिथंच उभी राहिले. तडकलेली बांगडी नजरचुकीनं कुणाच्या हातात गेली तर मनगट कापतं, म्हणून अम्मी एकेक बांगडी दहादा वाजवून बघायची. गिऱ्हाइकापासून तिनं उभ्या आयुष्यात एक तडा लपवला नव्हता. आणि आज ती पोटच्या पोरीपासून तुकडे लपवत होती, मला सोपी गाडी मिळावी म्हणून.

"अम्मी, ह्या लाल गाडीवर तू बसनार कुठं?"

"मी कशाला बसू? पेटी बसली म्हंजी झालं. तू जा गावांनी. तुला वळखत्यात समदी." आणि मग हळूच म्हणाली, "त्या दुसरीवरनं पडशील गं तू."

मला भयंकर राग आला आणि राग निवायच्या आत रडू आलं. मी गाडी बघत होते ती तिची गावं तिच्याकडेच राहावीत म्हणून, आणि हिनं त्या गाडीवरून स्वतःला केव्हाच उतरवून टाकलं होतं. पंख्यांच्या खोक्यांत उभी राहून मी दुकानदाराला सांगितलं की मला शेणकाल्याच्या रंगाचीच गाडी पाहिजे. भाऊ काहीतरी बोलणार होता. माझ्याकडे बघून तो दुकानदाराबरोबर खोकी उचलू लागला.

शिकायला आम्ही शाळेच्या मैदानावर जायचो. मी पडले. किती वेळा, ते भावाला विचारा, त्यानं मोजलं आहे आणि दर ईदला तो आकडा वाढवून सांगतो. खिडकीतून वायर बाहेर काढून गाडी ओट्याशी चार्जिंगला लावली की गल्लीतली माणसं येऊन बघायची. हिला पावसात शॉक बसतो का, असं एका आजोबांनी मला रोज विचारलं. वीज आली की आम्ही आधी गाडीकडे धावायचो आणि मग पिठाच्या गिरणीकडे.

त्या गाडीवर अम्मी आणि मी पुढं बरीच वर्षं हिंडलो. पोचलेल्या गावी कुणाच्या तरी घरात वायर लावायची आणि बांगड्या भरत बसायचं. वीज गेलेली असली तर येईपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात किती गप्पा झाल्या, किती घरची भाकरी खाल्ली, कुणाची लेक कुठं दिली आणि कुणाची सून रुसून माहेरी गेली ते सगळं आम्हाला कळलं. आता वीज बरी असते आणि कुणाला थांबायला वेळ नाही. अम्मी गेली. बॅटऱ्या दोनदा बदलूनही शेवटी गाडी परड्यात उभीच राहिली आणि तिच्या सीटवर कोंबडी बसू लागली. त्या रस्त्यानं कधी गेले, की एका बाजूला धरणाचं पाणी आणि मागं पाठीला टेकलेलं अम्मीचं कपाळ, एवढंच मला आठवत राहतं. फार आठवतं.

आणि आठवतो तो पहिला दिवस. दिवाळी तोंडावर आली होती, भाताची कापणी चालली होती. अम्मीनं केस विंचरले होते, इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. पेटी माझ्या पायाशी, अम्मी मागं. सपाटीला गाडी छान चालली. समोरून एसटी आली की मी थांबून तिला जाऊ द्यायची, मग पुन्हा निघायचं. हिर्डोशीच्या अलीकडे एका वाडीला वर चढून जावं लागतं. त्या चढाला गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि अर्ध्यात थांबली. आम्हा दोघींचं ओझं तिला ओढवेना.

"मी उतरती," अम्मी म्हणाली. एक पाय खाली टेकवला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. त्या गुडघ्यांनी तो चढ तिला चढवला नसता, आणि तिथून मागं फिरलो असतो तर ती परत कधी निघाली नसती. हे दोघींनाही कळत होतं. ती पदरानं तोंड पुसत खाली पाण्याकडे बघत राहिली.

मी ब्रेक दाबून धरला आणि गाडीवरून उतरले. "पुढं सरक," मी म्हटलं.

"काय?"

"पुढं सरक. पेटीच्या दोन्ही बाजूला पाय ठेव. मी हिकडनं हँडल धरती. तू नुसती मूठ पिळ, हळू."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग मुठीकडे. मग हात ठेवला. आयुष्यभर बायकांची मनगटं चेपून न दुखवता बांगड्या चढवलेला तो हात. मूठ इतकी अलगद पिळली की गाडी माझ्या चालीनंच चालू लागली. मी घोडं लगामाला धरून न्यावं तशी हँडल धरून धापा टाकत चालले होते आणि अम्मी ताठ बसली होती. शेतातल्या बायका विळा हातात तसाच ठेवून उभ्या राहून बघू लागल्या. पोरं ओरडत मागं धावली. वाडीत पोचेपर्यंत निम्मी वाडी बाहेर आली होती.

एका म्हाताऱ्या बाईनं, जिच्या लग्नाचा चुडा माझ्या आजीनं भरला होता, पुढं येऊन गाडीला हात लावून बघितला.

"मनेरीनबाई, दिवाळी झाली की तू येनार न्हाईस, असं आयकलं."

"कोन म्हनलं?" अम्मीनं विचारलं.

"आन ही गाडी कुनाची?"

अम्मी उतरली नाही. मूठही सोडली नाही.

"माझी," ती म्हणाली. "ही पोरगी आपली संगं चालती."